जेएमएफसीचा क्लास: दहा महिने, ६५ हजार रुपये आणि शनिवारचे सर

लावू का नको, लावू का नको असं विचारणारे फोन आता इतके झालेत की एकदाच सगळं लिहून टाकते. पुण्यात नवी पेठेच्या बाजूला जेएमएफसीचा, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी (खालच्या कोर्टातला न्यायाधीश) व्हायच्या परीक्षेचा, जो क्लास मी केला त्याबद्दल हे आहे. क्लासचं नाव टाकत नाही, उगाच कोणाशी वाकडं नको, वकिलीत माणसं फिरून फिरून तीच भेटतात, उद्या त्याच सरांसमोर एखाद्या मॅटरमध्ये उभं राहायची वेळ यायची. ज्यांना ओळखायचं ते वर्णनावरून ओळखतीलच.

आधी माझं सांगते. मी तालुक्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करते, क्लासला गेले तेव्हा चार वर्षं झाली होती. मराठी मिडियम, लॉ पण जिल्ह्याच्या ठिकाणी. सिनियरांकडे काम काय, तारखा घ्यायच्या, मुदतीचे अर्ज द्यायचे, नकलेचे अर्ज करायचे, आणि न्यायाधीश साहेब डायसवर आले की मागे उभं राहून जे कानावर पडेल ते शिकायचं. एका खेपेला प्रिलिम निघाली आणि मेन्सला दोन्ही पेपरात आपटले. प्रिलिमचं काय एवढं नाही, १०० प्रश्न, १०० मार्क, दोन तास, बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा मूळ मजकूर) घोटलेला असला की निघते आणि ते मार्क पुढं धरत पण नाहीत. खरी मारामारी मेन्सला, एक सिव्हिलचा पेपर एक क्रिमिनलचा, १००-१०० मार्कांचे, तीन-तीन तास हाताने लिहायचं, मग ५० मार्कांचा इंटरव्ह्यू. मला सेक्शन येत होते पण लिहिता येत नव्हतं. म्हणून क्लास. घरी सांगितलं दहा महिने द्या मला, वडील म्हणाले दिले, आई म्हणाली आणि लग्न? तो विषय इथे नको.

फी ६५ हजार, एकदम भरली तर पाच हजार कमी असं फोनवर सांगितलं होतं, तिथं गेल्यावर ती ऑफर कालच संपली. (ऑफर नेहमी कालच संपते.) त्यात लेक्चर, छापील नोट्स, टेस्ट सिरीज, मॉक इंटरव्ह्यू. अभ्यासिका वेगळी, महिना बाराशे. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण तिच्यावर कायम चिठ्ठी. एका हॉलमध्ये नव्वद जण, तीन पंखे, आणि माईकचा आवाज असा की मागच्या चार रांगांना 'एस्टॉपेल' ऐकू येतं पण कोणाविरुद्ध ते कळत नाही. मी पहिले पंधरा दिवस मागे बसले, मग सकाळी साडेसहाला जाऊन वही ठेवून जागा धरायला लागले. वही ठेवून जागा धरणं हा पुण्यातला एकमेव असा कायदा असेल ज्याचं पालन शंभर टक्के होतं.

आता शिकवण्याचं. सिव्हिलचे सर चांगले आहेत, हे मोकळ्या मनाने लिहिते. सीपीसी, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, त्यांनी असं शिकवलं की ऑर्डर ७ रूल ११ मध्ये वादपत्र का फेटाळतात आणि ऑर्डर ७ रूल १० मध्ये ते परत का देतात हा गोंधळ, जो माझा चार वर्षं होता, तो एका सकाळी गेला. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी, स्पेसिफिक रिलीफ, सगळं सावकाश, उदाहरणं आपल्या गावातली, विहिरीतला हिस्सा, पडवीतली भिंत. लिमिटेशन, म्हणजे दावा टाकायची मुदत, ते बोटांवर मोजायला लावायचे. त्यांना फुल मार्क.

क्रिमिनलचं मात्र भजं झालं. मी गेले जुलै २०२४ मध्ये. १ जुलै २०२४ ला तिन्ही नवे कायदे लागू झाले, आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या जागी साक्ष्य अधिनियम. कायदे पास झाले होते डिसेंबर २०२३ मध्येच, म्हणजे क्लासला तयारीला सहा महिने मिळाले होते. आणि आमच्या हातात काय पडलं, जुन्या आयपीसीच्या नोट्स आणि त्याला स्टेपल केलेला एक कोष्टकाचा कागद, की ३०२ म्हणजे आता १०३, ४२० म्हणजे आता ३१८(४), पोटगीचं १२५ म्हणजे आता १४४, १५६(३) म्हणजे १७५(३). झालं, शिका. आता ज्याने आयुष्यभर ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार असं पाठ केलंय त्याला नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन आहे आणि हायकोर्टाचं कलम ५२८ ला गेलंय हे कोष्टकात वाचून डोक्यात बसत नाही हो. जुनं ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध, नवं ३०४ म्हणजे चेन स्नॅचिंग. एका टेस्टमध्ये पेपर तपासणाऱ्यानेच जुन्या कलमावर टिक केली आणि माझ्या नव्या कलमावर फुली. दाखवायला गेले तर 'मॅडम, स्पिरिट बघा'. ऑक्टोबरला जाऊन नव्या नोट्स आल्या, त्याचे वेगळे अठराशे रुपये घेतले. माझ्या मते हे फीमध्येच पाहिजे होतं.

आणि जे सांगायला पाहिजे होतं ते कोणी सांगितलंच नाही, की जुनं विसरून चालणारच नाहीये. १ जुलैच्या आधीचा गुन्हा असेल तर तो आयपीसीतच चालणार, मग चार्जशीट कधीही येऊ दे. म्हणजे आज जो जेएमएफसी होईल त्याच्या बोर्डावर (दिवसाच्या केसेसच्या यादीत) पुढची कित्येक वर्षं दोन्ही कायद्यांच्या केसेस शेजारी शेजारी राहणार. ही गोष्ट आम्हाला सांगितली शनिवारच्या सरांनी.

हे शनिवारचे सर म्हणजे या क्लासचं खरं भांडवल, आणि गंमत म्हणजे माहितीपत्रकात त्यांचा फोटोसुद्धा नाही. रिटायर्ड जिल्हा न्यायाधीश. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. शनिवारी दुपारी तीन ते सहा, क्लासच्या भाषेत 'गेस्ट सेशन', हजेरी सक्तीची नाही, त्यामुळे नव्वदातले वीस-बावीस जण असायचो, बाकीचे अभ्यासिकेत एमसीक्यू सोडवत. पांढरा हाफ शर्ट, शबनम पिशवी, माईक नको म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तुमच्यातल्या किती जणांनी कोर्टात पूर्ण दिवस, म्हणजे अकरापासून साहेब चेंबरमध्ये जाईपर्यंत, नुसतं बसून बघितलंय? हात वर आले सहा. म्हणाले, मग तुम्ही कुठल्या नोकरीचा अर्ज भरताय हे तुम्हाला माहीतच नाही.

माझा हात वर होता बरं का. पण मी पण वकिलाच्या बाजूने बघितलेलं. डायसवरून ते कसं दिसतं ते त्यांनी सांगितलं. सकाळी बोर्ड येतं, ऐंशी-नव्वद मॅटर, त्यात निम्मे चेक बाऊन्सचे १३८, मग पोटगी, डीव्ही (घरगुती हिंसाचार), मारामाऱ्या, दारू-जुगार, आणि सिव्हिलमध्ये बांध, रस्ता, वाटप. पट्टेवाला पुकारा करतो, अर्ध्यांना वकील नाहीत, अर्ध्यांचे वकील वरच्या कोर्टात. रोजनामा लिहायचा, साक्षीदार आलाय त्याला परत पाठवायचा नाही कारण तो दिवसाची मजुरी बुडवून एसटीने आलाय. दुपारनंतर रिमांड, म्हणजे अटक झालेल्याला कोठडी द्यायची का ते ठरवायचं. आणि हे सगळं करून महिन्याच्या शेवटी डिस्पोजलचे, म्हणजे निकाली काढलेल्या केसेसचे, युनिट भरायचे, कुठल्या प्रकारच्या केसला किती युनिट ते ठरलेलं असतं, त्यावर तुमचा गोपनीय अहवाल. ते म्हणायचे की सोपी केस निकाली काढून युनिट भरणारे पण असतात आणि वीस वर्षं जुना दावा उघडून बसणारे पण, कागदावर पहिला हुशार दिसतो. जज कमी आहेत हे तर जगजाहीर, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश करा, अजून त्याच्या निम्म्यालासुद्धा पोचलो नाही.

रिमांडचं एक लेक्चर तर मी कधी विसरणार नाही. अटक झाली की चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर, हे आर्टिकल २२ आम्हाला सगळ्यांना पाठ. सर म्हणाले चोवीस तास रविवार बघत नाहीत, गणपती बघत नाहीत. पहिली पोस्टिंग मराठवाड्यातल्या एका तालुक्याला, रविवारी रात्री आठला क्वार्टरच्या दारात पोलिसांची जीप, सर लुंगीवर, बायकोने चुलीवरून तवा काढलेला. शर्ट-पँट चढवली आणि पुढच्या खोलीत टेबलावर बसले. पोलिसांनी कागद पुढं केले, पीसीआर, म्हणजे पोलिस कोठडी, पाहिजे सात दिवस. आरोपीला विचारायचं असतं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, मारलं का. विचारलं. तो नाही म्हणाला. सर म्हणाले, मला नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते, मी 'तक्रार नाही' असं लिहिलं आणि सही करायला पेन टेकवलं, तेवढ्यात बायको पाणी घेऊन आली आणि आत जाताना हळूच म्हणाली, तो बसत का नाहीये? मग त्यांनी पोलिसांना अंगणाच्या फाटकापाशी जायला सांगितलं आणि परत विचारलं. या वेळी उत्तर वेगळं आलं. मेडिकलला पाठवला.

वर्गात कोणी हललं नाही. मग म्हणाले, रिमांडचं कलम १६७ तुम्हाला येतंच (नवं १८७, आणि त्यात ते पंधरा दिवस पोलिस कस्टडीचे आता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्या-तुकड्यांत पण घेता येतात, हे पण त्यांनीच नीट सांगितलं), पण पोलिसाला किती लांब उभं करायचं ते कलमात नाहीये.

दुसरी गोष्ट निशाणी ५ ची. महाराष्ट्रात कोर्टात काम केलेल्या कोणालाही निशाणी ५ म्हटलं की कळतं, दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज जो असतो त्याला वर्षानुवर्षं तोच नंबर पडतो. सरांनी एक जुनी फाईल आणली, नावं-गावं खोडून झेरॉक्स केलेली. वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), सातबारे, फेरफार, दोन भावांचं बांधावरून. म्हणाले दोन तास, निशाणी ५ वर आदेश लिहा. हे मेन्सला थेट येत नाही, म्हणून सातच जण थांबलो. मी जीव तोडून लिहिलं, प्रथमदर्शनी केस, सोय-गैरसोयीचा तोल, भरून न येणारं नुकसान, तिन्ही कसोट्या, चार पानं, तीन सायटेशन. पुढच्या शनिवारी पेपर परत आला तर चारही पानांवर एकही खूण नाही, फक्त शेवटी पेन्सिलीने लिहिलेलं: 'बांध कुठाय?'

मला आधी कळलंच नाही. मग बघितलं तर मी अख्ख्या आदेशात चतुःसीमा लिहिलीच नव्हती. प्रतिवादीला अडवणूक करू नका असा मनाई हुकूम दिला होता पण कुठल्या गटाच्या कुठल्या बाजूला ते नाही. सर म्हणाले, हा आदेश घेऊन तुझा वादी उद्या पोलीस स्टेशनला जाईल, हवालदार विचारेल बांध कुठला, दोघं भाऊ दोन बोटं दाखवतील, संध्याकाळी डोकी फुटतील, आणि जुन्या तीनशे चोवीसची, म्हणजे हत्याराने मारहाणीची, केस परत तुझ्याच बोर्डावर येईल. आणि वादी-प्रतिवादी दोघांच्या नकाशात बांध वेगळा असेल तर आधी कोर्ट कमिशनर म्हणून भूमी अभिलेखवाल्यांकडून मोजणी करून घ्यायचा विचार का केला नाहीस? मी चार वर्षं असले अर्ज टाइप केलेत. आदेश मिळाला की पेढे पण खाल्लेत पक्षकाराकडून. पण वाचणारा त्या कागदाचं शेतात नेऊन काय करणार हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या रात्री मेसला गेले नाही.

नंतर त्यांनी निकालपत्र लिहायला शिकवलं, मुद्दे एका बाजूला, निष्कर्ष दुसऱ्या बाजूला, खाली कारणमीमांसा, मग आदेश. आणि मराठीत. हे मला सगळ्यात उपयोगी पडलं कारण मेन्सचे पेपर मराठीत लिहायची मुभा आहे पण क्लासच्या नोट्स झाडून सगळ्या इंग्लिशमध्ये, आणि मराठीत लिहिणाऱ्याला क्लासमध्ये असं बघतात की बिचारी. सर म्हणायचे अहो खालच्या कोर्टांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ ची आहे, पक्षकाराला आपण का हरलो ते वाचता नको यायला? रेस ज्युडिकाटा म्हणजे प्राङ्न्याय, एस्टॉपेल म्हणजे विबंध हे तर पुस्तकात मिळतं, पण सरतपास-उलटतपास, कैफियत, दरखास्त, हुकूमनामा हे शब्द वाक्यात कसे बसतात ते त्यांच्याकडून शिकले. माझा पेपर लिहायचा स्पीड तिथून वाढला, कारण डोक्यात आधी इंग्लिश आणि मग मराठी ही कसरत थांबली.

आता माहितीपत्रकाबद्दल. त्यावर काय आहे, काळा कोट, हातोडा (आपल्या कोर्टात हातोडा मी तरी कधी बघितला नाही), पांढरी गाडी आणि 'सन्मान, सत्ता, सुरक्षितता'. कौन्सिलिंगला बसलेला पोरगा एकाला चक्क म्हणाला की सर लाल दिवा. अरे बाबा लाल दिवे १ मे २०१७ पासून मंत्र्यांचे पण गेले. शनिवारच्या सरांना कोणीतरी पगार विचारला तर त्यांनी फळ्यावर लिहूनच टाकलं, दुसऱ्या न्यायिक वेतन आयोगाप्रमाणे सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजनचं मूळ वेतन सुरुवातीला ७७,८४० रुपये, वर भत्ते, सिनियर डिव्हिजन १,११,००० पासून, जिल्हा न्यायाधीश १,४४,८४० पासून. चांगला पगार आहे, खोटं कशाला बोला. पण त्यातून दर तीनेक वर्षांनी बिऱ्हाड हलवायचं, मुलांच्या शाळा बदलायच्या, आणि तालुक्याला क्वार्टर मिळेलच असं नाही. गाडीचं विचारलं तर म्हणाले पहिली नऊ वर्षं माझी गाडी म्हणजे एसटी, आणि तीसुद्धा पुढच्या सीटवर बसून डोळे मिटून, कारण शेजारी पक्षकार येऊन बसला तर काय करायचं.

बदल्यांवरून ते न्यायमूर्ती रानड्यांचं सांगायचे, पुण्यात सबजज्ज होते, सरकारचा संशय, तिथून नाशिक आणि नाशिकहून १८७९ मध्ये धुळे. हायकोर्टात पोचले ते १८९३ ला. सर हसून म्हणायचे तेव्हा बदली झाली म्हणून रडू नका, मोठी परंपरा आहे.

शिडी पण त्यांनीच नीट काढून दाखवली, नाहीतर क्लासमध्ये सगळ्यांचं डोकं जेएमएफसीपाशी संपतं. ज्युनियर डिव्हिजन आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी एकच खुर्ची, सकाळी सिव्हिल दुपारी क्रिमिनल, शिक्षा तीन वर्षांपर्यंत देता येते, दंड आधी दहा हजारांपर्यंत होता तो नव्या संहितेत पन्नास हजार झालाय आणि समाजसेवेची शिक्षा नवीन आलीय. मग सिनियर डिव्हिजन. मग जिल्हा न्यायाधीश, तिथं निम्म्या जागा बढतीने, २५ टक्के मर्यादित खातेपरीक्षेने, २५ टक्के थेट बारमधून, म्हणजे वकिलांतून. नंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने असाही निकाल दिला की वकिली आणि नोकरी मिळून सात वर्षं झालेल्या न्यायाधीशांना पण थेट भरतीत बसता येईल, म्हणजे नोकरीत शिरलं की तो दरवाजा बंद हे आता राहिलं नाही. मधे पन्नाशीला आणि पंचावन्नला तुमचा आढावा होतो, रेकॉर्ड बरं नसेल तर घरी. साठला रिटायर. त्यांनी साधा हिशोब मांडला की पंचविशीत लागलेला आणि चौतिसाव्या वर्षी लागलेला यांच्यात नऊ वर्षांचा फरक आहे, तो शेवटी वरच्या पायरीवर दिसतो. मी तेव्हा एकोणतीस. गप्प बसले.

आणि याच वयावरून सगळ्यात मोठा राडा झाला. क्लासची एक वेगळी 'फ्रेशर बॅच' होती. आपल्याकडे नियम असा होता की एलएलबी सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात, ५५ टक्के, वय पंचविसच्या आत असेल तर प्रॅक्टिसशिवाय बसता यायचं. नुकती पास झालेली बावीस-तेवीस वर्षांची पोरं, त्यातल्या कित्येकांनी वकिलीची सनदसुद्धा काढली नव्हती. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तेव्हाचे सरन्यायाधीश गवई यांच्या पीठाचा, की न्यायिक सेवेत यायला किमान तीन वर्षं वकिली पाहिजेच. आधी हीच अट होती, २००२ मध्ये काढली होती, ती परत आली. आधीच सुरू झालेल्या भरत्यांना लागू नाही, पण पुढच्या सगळ्यांना लागू. दहा वर्षं झालेल्या वकिलाचं सर्टिफिकेट आणि त्यावर कोर्टाचा शिक्का-सही पाहिजे, मोजणी प्रोव्हिजनल सनदेपासून.

त्या संध्याकाळी अभ्यासिकेच्या जिन्यात पोरं बसलेली, कोणी बोलत नव्हतं. एक लातूरकडची मुलगी माझ्याच रूमवर होती, वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून फी भरलेली. दुसऱ्या दिवशी ही सगळी ऑफिसला गेली, की आता आम्हाला तीन वर्षं बसताच येणार नाही, निम्मी तरी फी परत द्या. क्लासचं म्हणणं फी नॉन-रिफंडेबल, पावतीवर लिहिलंय, पण आम्ही तुम्हाला तीन वर्षांनी 'रिव्हिजन बॅच'ला पन्नास टक्के सवलत देऊ. कायदा शिकवणारे लोक, समोर ऐंशी विधी पदवीधर, आणि पावतीच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं दाखवून वाद घालतायत. त्यातल्या दोघांनी ग्राहक आयोगात तक्रार टाकायची भाषा केली, मी म्हटलं टाकाच, तेवढीच तुमची पहिली केस.

निकालाबद्दल माझं मत विचाराल तर, त्या पोरांबद्दल वाईट वाटतं, आणि 'बांध कुठाय' वाचल्यानंतर निकाल चुकीचा आहे असंही म्हणवत नाही. पण तीन वर्षं मुलीने तालुक्याला फुकटात नाहीतर महिना चार-पाच हजारांवर ज्युनियरशिप करायची, खोलीभाडं कोणी भरायचं, हे कोणी बोलत नाही. ज्यांच्या घरी चेंबर आहे त्यांचं ठीक आहे.

टेस्ट सिरीज बरी आहे, म्हणजे प्रश्न चांगले असतात, तपासणी यथातथा. वीस पेपर सांगितले, चौदा झाले, नऊ परत मिळाले. शेरे 'गुड', 'इम्प्रूव्ह', 'प्रेझेंटेशन'. मी शेवटी आमच्या तिघींचा गट केला आणि एकमेकींचे पेपर लाल पेनाने तपासायला लागलो, त्याचा जास्त फायदा झाला, तो तुम्हाला फुकट करता येईल.

मॉक इंटरव्ह्यू अगदीच टाकाऊ. पॅनेलवर क्लासचे मालक, एक मोटिव्हेशनल स्पीकर आणि एक जण कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. नावाचा अर्थ काय, छंद काय, आणि मग 'लग्न झाल्यावर बदली झाली तर मिस्टर चालवून घेतील का'. माझ्या आधी गेलेल्या मुलाला मिसेस चालवून घेतील का असं विचारलं नव्हतं, मी बाहेर येऊन मुद्दाम विचारलं. शनिवारच्या सरांनी आम्हा पाच-सहा जणांना चहाच्या टपरीवर उभं राहून जो इंटरव्ह्यू घेतला तो खरा. मला म्हणाले, तुझा चुलतभाऊ फोन करतो की माझ्या मित्राचं मॅटर तुझ्या कोर्टात आहे, मी काही सांगत नाही फक्त माहिती म्हणून सांगतोय, काय करशील? मी म्हटलं फोन ठेवीन. म्हणाले आणि दिवाळीला त्याच्या घरी जाशील का? आता बोला. मग इन्स्टावर आले, डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात एका सुनावणीत न्यायाधीशांनी सोशल मीडियापासून लांब राहावं, संन्याशासारखं राहावं अशा अर्थाचं बोलणं झालं होतं, त्यावरून विचारलं की तुझं अकाउंट बंद करशील का. मी हो म्हटलं, ते म्हणाले इतक्या पटकन हो म्हणालीस म्हणजे विचार केलेला नाहीस. आणि महिला मॅजिस्ट्रेट म्हणून एक गोष्ट सांगितली जी क्लासमध्ये कोणाच्या तोंडून ऐकली नाही, की पीडितेचा जबाब शक्यतो महिला न्यायदंडाधिकाऱ्यानेच नोंदवायचा असं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ मध्ये आहे, त्यामुळे तालुक्यात तू एकटी बाई असशील तर शेजारच्या कोर्टांचे पण जबाब तुझ्याकडे येतील, कधीकधी ओळीने तीन-तीन, आणि संध्याकाळी घरी जाऊन कोणाला सांगता येणार नाहीत. त्याची तयारी पुस्तकात नाही, एखादी मैत्रीण अशी ठेव जी काही न विचारता शेजारी बसेल.

यशस्वी विद्यार्थ्यांचा जो फ्लेक्स खाली लावलाय त्याला भुलू नका. त्यातल्या एका मॅडमना मी भेटलेय, त्या फक्त एका मॉकला आल्या होत्या, तोही मोफत होता म्हणून. जागा किती निघतात, कधी निघतात, निकालाला किती वेळ लागतो हे क्लासच्या हातात नाही, त्यामुळे 'एका वर्षात जज' असं कोणी म्हणालं तर उठून या. निवड झाल्यावर उत्तनच्या न्यायिक अकादमीत पाठवतात, भाईंदरच्या पुढे, समुद्राजवळ, आणि काम तिथूनच शिकायला सुरुवात होते. त्या मे २०२५ च्या निकालात कोर्टात बसायच्या आधी किमान एक वर्ष ट्रेनिंग पाहिजे असंही आहे.

तर मार्क द्यायचे झाले तर पाचपैकी तीन. सिव्हिलच्या सरांचा एक, शनिवारच्या सरांचे दीड, आणि अर्धा खालच्या मेसवाल्या काकूंचा, ज्या टेस्टच्या दिवशी न सांगता दहीभात ठेवायच्या. क्रिमिनल, ऑफिस, मॉक, लिफ्ट: शून्य. प्रॅक्टिस करत असाल आणि पुण्यात राहायचा खर्च झेपत नसेल तर पूर्ण कोर्स लावू नका, सिव्हिलची बॅच तेवीस हजारांत वेगळी देतात पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आणि आपल्याच कोर्टात आठवड्यातून एक दिवस स्वतःचं मॅटर नसताना बसा, अकरा ते सहा. मी आता दर बुधवारी बसते. बेंच क्लार्कला आधी वाटलं मी कोणाची तरी हेरगिरी करतेय.

सर या वर्षी क्लासला येतात का ते विचारून मगच पैसे भरा, कारण मी निघाले तेव्हा त्यांचं आणि ऑफिसचं मानधनावरून काहीतरी चाललं होतं. त्यांच्या शनिवारच्या लेक्चरच्या माझ्या दोन वह्या आहेत, चारशे पानी एक आणि दोनशे पानी एक, विकायच्या नाहीत, पण कोणी आमच्या कोर्टाकडे आलं तर बाररूममध्ये या, समोर झेरॉक्सवाला आहे, पानाला दोन रुपये घेतो. पेन्सिलीने 'बांध कुठाय' लिहिलेलं पान मात्र देणार नाही.